अनाथ नव्हे, ताटातूट झालेलं मूल

महोदय,

गेल्या महिन्यात तुमच्या पहिल्या पानावर चार कॉलमी छायाचित्र होतं. सुदानमधल्या लढाईतून पळून चाडच्या सीमेवर आद्रेला पोचलेला सहा-सात वर्षांचा मुलगा, चेहरा धुळीने माखलेला, नजर थेट कॅमेऱ्यात. खाली त्याचं पूर्ण नाव, गावाचं नाव आणि ‘युद्धाने अनाथ केलेला’ अशी ओळ. चार दिवसांनी याच सदरात एका दांपत्याचं पत्र आलं: या मुलाला दत्तक घ्यायची आमची तयारी आहे, संपर्क कोणाशी साधावा ते कळवावं. ते वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी चौदा वर्षं युद्धं आणि आपत्तींमध्ये बालसंरक्षणाचं काम करते. त्यातली बरीचशी दक्षिण सुदानमध्ये गेली, काही बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांत. माझं काम मुख्यतः शोधाशोधीचं. कोणाचं मूल कुठे आहे आणि कोणत्या मुलाचे आईबाप कुठे आहेत, याची जुळणी लावायची. लोकांना वाटतं, आम्ही गोळीबारात मुलांना कडेवर घेऊन धावतो. प्रत्यक्षात बहुतेक दिवस फॉर्म भरण्यात, एकाच नावाची पाच स्पेलिंगं जुळवण्यात आणि लागत नसलेला फोन पुन्हा पुन्हा लावण्यात जातात.

त्या मुलाचे आईवडील वारले, हे तुमच्या बातमीदाराला कोणी सांगितलं? मी बातमी तीनदा वाचली. त्यात एवढंच आहे की तो शेजाऱ्यांबरोबर आला आणि आई कुठे आहे हे त्याला माहीत नाही. ‘आई कुठे आहे माहीत नाही’ आणि ‘आई नाही’ या दोन वाक्यांच्या मधे जी जागा आहे, तिथेच आमचं सगळं काम चालतं.

आमच्या नोंदवहीत अशा मुलांचे दोन मुख्य प्रकार असतात. एक, ज्याच्याबरोबर जबाबदारी घेणारं कोणीच मोठं माणूस नाही असं एकटं मूल. दुसरं, आईवडिलांपासून तुटलेलं, पण आजी, मामा, थोरली बहीण असं नात्यातलं कोणीतरी बरोबर असलेलं. दोन्ही पालक गेले, असं लिहायला मात्र पुरावा लागतो, आणि तो येईपर्यंत तो रकाना रिकामा ठेवायचा असतो. मराठीत या सगळ्यासाठी फार नेमके शब्द आहेत: चुकामूक, ताटातूट. चुकामूक झालेली माणसं पुन्हा भेटू शकतात हे त्या शब्दातच धरलेलं आहे. ‘अनाथ’ लिहिलं की आईचा शोध तिथेच थांबला.

हे भाबड्या आशेपोटी म्हणत नाही. रवांडात 1994 च्या वंशसंहारानंतर सुमारे एक लाख मुलं कुटुंबांपासून तुटली होती. रेडक्रॉस, युनिसेफ आणि इतर संस्थांनी त्यांच्या नोंदी केल्या, फोटो काढले, ते छावण्याछावण्यांतून फिरवले, आणि हजारो मुलं कोणा ना कोणा नातेवाइकाकडे पोचली. दक्षिण सुदानमध्ये 2013 च्या डिसेंबरात युद्ध पेटलं, तेव्हापासून 2019 च्या सुरुवातीपर्यंत सहा हजार मुलं घरच्यांना परत मिळाली. रस्ते नाहीत, टपाल नाही, अर्धं वर्ष चिखल, अशा देशात.

हे होतं कसं? पाच वर्षांच्या मुलाला ‘तुझ्या आईचं नाव काय’ विचारलं तर ते ‘आई’ म्हणतं. बरोबरच आहे. म्हणून आम्ही विचारतो, शेजारीण तुझ्या आईला काय म्हणून हाक मारायची? दारात उभं राहिलं की काय दिसायचं? पाणी नदीचं आणायचात की पंपाचं? सकाळी कोणता आवाज यायचा? हे एका बैठकीत होत नाही. मूल आधी तीन दिवस नुसतं बघत बसतं, आणि बघू द्यावं.

दक्षिण सुदानमधल्या बेंतिऊच्या छावणीत सहाएक वर्षांचा एक मुलगा होता. वडिलांचं नाव सांगायचा, पण त्या नावाचे पुरुष त्या छावणीतच शेकडो. गावाचं नाव येईना. माझा नुएर सहकारी त्याच्याशेजारी जमिनीवर बसला आणि गुरांबद्दल बोलू लागला. नुएर ही तिथली गुरं पाळणारी जमात; त्यांच्यात गुरांच्या रंगांना, ठिपक्यांना, शिंगांच्या वळणांना ढीगभर शब्द आहेत, आणि पुरुषाला त्याच्या आवडत्या बैलावरून नाव पडतं. त्या पोराने वडिलांच्या बैलाचं वर्णन केलं: पाठ पांढरी, कुशी काळ्या, एक शिंग पुढे वळवलेलं. मी शेजारी बसून होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण बातम्यांत आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांचे फोटो येतात आणि खरं काम त्या सहकाऱ्यासारखी माणसं करतात. त्याने तो बैल, म्हणजे बैलाचं ते नाव, त्या भागातून आलेल्या पुरुषांत विचारत विचारत नेलं. साडेचार महिन्यांनी एका म्हाताऱ्याने ओळखलं. वडील जिवंत होते. आई दुसऱ्याच गावात, धाकट्या मुलीबरोबर.

त्या साडेचार महिन्यांत त्या मुलाचा फोटो ‘अनाथ’ म्हणून कुठे छापून आला असता तर? विचार करायला नको वाटतं.

कॉक्स बझारला वेगळंच दृश्य. 2017 च्या ऑगस्टनंतर काही महिन्यांत सात लाखांवर लोक म्यानमारमधून आले, त्यात निम्म्याहून अधिक मुलं. तिथल्या कुटुपालोंग छावणीच्या टेकड्यांवर एकसारखे ताडपत्रीचे तंबू, वाटांना नावं नाहीत. पाण्याला गेलेलं पोर परतताना हरवायचं. तिथे निर्वासितांपैकीच एकाने हातात कर्णा घेऊन हरवलेल्या मुलांची पुकारणी सुरू केली. आमच्या फॉर्मपेक्षा तो कर्णा कितीतरी वेळा वेगवान ठरला.

आता नाव आणि गाव छापण्याबद्दल. कोणी येऊन ‘हे माझं मूल’ म्हणालं की आम्ही आनंदाने हातात देत नाही. मोठ्या माणसाला एका बाजूला, मुलाला दुसऱ्या बाजूला बसवून तेच प्रश्न विचारतो आणि उत्तरं ताडून पाहतो. नुसतं मूल बिलगलं एवढ्यावर भागत नाही; घाबरलेलं मूल कोणालाही बिलगतं, आणि उलट वर्षभराने भेटलेल्या सख्ख्या आईला तान्हं ओळखतही नाही. म्हणून प्रत्येक मुलाबद्दलची एखाददुसरी खूण आम्ही कधीच जाहीर करत नाही. ती कुलपाची किल्ली असते. तुमच्या अंकाने नाव, वय, गाव, बरोबर आलेले शेजारी, हातावरचा भाजल्याचा डाग, सगळं एका परिच्छेदात देऊन टाकलं. आता कोणीही त्याचा काका होऊन येऊ शकतो. मजुरीला पोरं हवी असणारे, मुली विकणारे, सशस्त्र गटांसाठी भरती करणारे, ही सगळी मंडळी अशा गर्दीत असतात आणि त्यांच्याकडेही फोन असतो.

शिवाय दारफूरमध्ये, म्हणजे सुदानच्या चाडला लागून असलेल्या पश्चिम भागात, नाव आणि गाव यांवरून जमात कळते. 2023 मध्ये तिथल्या अल जनीना शहरात मसालित जमातीच्या लोकांना जमात पाहून मारलं गेलं. त्या मुलाचं कोणी मागे राहिलं असेल, तर ही माहिती त्यांच्या जिवावर बेतू शकते.

त्या दांपत्याविषयी माझ्या मनात राग नाही, हे आधी सांगते. पण त्याच भागात आधी काय घडलं ते त्यांना माहीत असावं. 2007 च्या ऑक्टोबरमध्ये चाडमधल्या अबेशे इथून एका फ्रेंच संस्थेची माणसं 103 मुलांना विमानाने फ्रान्सला नेण्याच्या बेतात असताना पकडली गेली. ही दारफूरची अनाथ मुलं आहेत, असं त्यांनी फ्रान्समधल्या कुटुंबांना सांगितलं होतं. त्या कुटुंबांनी पैसेही भरले होते. चौकशीत निघालं की बहुतेक मुलं चाडमधलीच होती आणि त्यांना आई किंवा बाप, नाहीतर दोघंही होते. 2010 च्या भूकंपानंतर हैतीतही हेच: 33 मुलं घेऊन सीमा ओलांडू पाहणारे अमेरिकी मिशनरी अडवले गेले, आणि ती मुलं अनाथ नसल्याचं उघड झालं. फ्रान्समधल्या ज्या कुटुंबांनी खोल्या रंगवून ठेवल्या असतील, त्यांचीही फसवणूकच झाली.

म्हणूनच शोध किमान दोन वर्षं चालवल्याशिवाय दत्तकाचा विचार करू नये, असा या क्षेत्रातला दंडक आहे. तोवर मूल शक्यतो त्याच्याच भाषेच्या, ओळखीच्या माणसांत ठेवायचं, भावंडांना वेगळं करायचं नाही. अनाथाश्रम अगदी शेवटचा पर्याय. आश्रम उघडला आणि तिथेच जेवण, शाळा, औषध मिळू लागलं, की गरीब आईबाप स्वतःच मुलांना आणून सोडतात आणि आम्हाला आई नाही असं सांग, असं शिकवतात. नेपाळमध्ये 2015 च्या भूकंपानंतर सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला मनाई केली आणि परदेशी दत्तक थांबवलं. टीका झाली, पण निर्णय शहाणपणाचा होता.

आणि चुका फक्त वर्तमानपत्रं करतात असंही नाही. एकदा एका धावपट्टीवर जखमींना हेलिकॉप्टरमध्ये चढवत होतो. चार वर्षांची मुलगी, पायात गोळीचा तुकडा. आई धाकट्याला आणायला मागे धावली. वैमानिक घाई करत होता. पेन माझ्या हातात होतं, मनगटाला बांधायची पट्टी खिशात होती, आणि मी नाव न लिहिताच तिला आत दिलं. आई परत आली तेव्हा आकाशात नुसता आवाज उरला होता. मुलगी तिसऱ्याच दवाखान्यात सापडली, तेराव्या दिवशी. ही ताटातूट युद्धाने नाही, मी केली. तेव्हापासून कोणतंही मूल कोणत्याही गाडीत बसण्याआधी पट्टी बांधते, मग वैमानिक काहीही म्हणो.

शब्दांबद्दल एवढी हटून बसण्याचं आणखी एक कारण नेपाळमधलंच. माओवादी सेनेत भरती झालेली 2,973 मुलं पडताळणीत अल्पवयीन ठरली आणि 2010 च्या सुरुवातीला त्या सेनेच्या छावण्यांतून मोकळी झाली. पुढे कित्येक वर्षं ती ज्यावरून चिडत राहिली ती गोष्ट म्हणजे त्यांना चिकटलेला शब्द: ‘अयोग्य’. लढाईला अयोग्य असं म्हणायचं होतं. गावाने ऐकलं ते माणूस म्हणून अयोग्य. लग्न जुळवताना, काम मागताना तो शब्द पुढे येऊन उभा राहायचा. तुमच्याकडेही मागे कधीतरी ‘चिमुकले दहशतवादी’ असा मथळा होता. 2007 च्या पॅरिस तत्त्वांमध्ये, म्हणजे लढाईत ओढल्या गेलेल्या मुलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, अशा मुलांना सशस्त्र गटांशी जोडली गेलेली मुलं म्हणावं असं ठरलं, कारण त्यांतली कित्येक बंदूक धरत नाहीत. स्वयंपाक करतात, ओझी वाहतात, निरोप पोचवतात, आणि मुलींच्या वाट्याला याहून वाईट येतं. मथळ्यासाठी हे लांबलचक आहे, मान्य. मथळा लिहिणाऱ्याने तेवढे कष्ट घ्यावेत.

बातमी देऊच नका, असं मी म्हणत नाही. सुदानची बातमी पहिल्या पानावर आली याचं मला अप्रूपच वाटलं, इतकी ती क्वचित येते. मुलांची छायाचित्रं पाठमोरी, दुरून, हाताची-पायांची अशीही घेता येतात. नाव बदलता येतं, गावाऐवजी प्रदेश लिहिता येतो. पालकांचं नक्की कळेपर्यंत ‘ताटातूट झालेला’ लिहिता येतं. आणि पत्र पाठवणाऱ्या त्या दांपत्याला माझी विनंती आहे की जे द्यायचं ठरवलं होतं ते कुटुंबं शोधणाऱ्या किंवा तिथल्या तिथे मुलं सांभाळणाऱ्या घरांना मदत करणाऱ्या कामाला द्यावं. त्या सीमेवर आपली तीन पोरं असताना शेजाऱ्याचं चौथं सांभाळणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. हा मुलगाही अशाच एका शेजारणीबरोबर आला आहे, तुमच्याच बातमीत तसं आहे. तिचं नाव मात्र कोणी विचारलेलं दिसत नाही.

आज सकाळी पाहिलं तेव्हा ते छायाचित्र तुमच्या संकेतस्थळावर होतं, नावासकट, गावासकट. छापलेल्या अंकाचं आता काही करता येणार नाही, पण तिथलं नाव, गाव आणि डागाचा उल्लेख काढायला दोन मिनिटं लागतील. कृपया हे पत्र छापायच्या आधी ते करा. नाहीतर पत्र वाचून लोक पुन्हा तेच पान उघडतील.

आपली,
एक वाचक
(कामाच्या स्वरूपामुळे माझंही नाव छापू नये.)