गच्चीवरच्या शिडीला यंदा स्प्रे मारू नये

प्रति,
मा. अध्यक्ष,
कार्यकारी समिती,
भाईंदर (पश्चिम)

विषय : पाण्याच्या टाकीची शिडी, जिन्याचे कठडे आणि गेट यांच्या पावसाळ्याआधीच्या रंगकामाबाबत

मा. अध्यक्षसाहेब,
सप्रेम नमस्कार.

‘लोखंडी कामाचे टचअप स्प्रे कॅन आणून मेअखेर पूर्ण करणार’ ही नोटीस काल लिफ्टशेजारी वाचली. हे काम अशा पद्धतीने करू नये, निदान शिडीचे तरी नाहीच, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. कारण आपल्याला ठाऊक नसावे, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

फेब्रुवारीत एका सकाळी आपले वॉचमनकाका टाकीचा व्हॉल्व्ह बघायला शिडी चढत होते. वरून तिसरी पायरी त्यांच्या पायाखाली मोडली. दोन्ही हात बाजूच्या पाइपाला होते म्हणून ते लटकले आणि वाचले. नडगी चांगलीच सोलवटली होती. शिडी आपल्याकडून मोडली, आता पगारातून कापतील, या भीतीने त्यांनी कोणालाच सांगितले नाही. चौथ्या दिवशी जखम चिघळली तेव्हा पट्टी बांधायला माझ्या घरी आले आणि तेव्हा हे कळले. त्यांची यात काडीचीही चूक नाही, हे समितीने त्यांना स्वतः बोलावून सांगावे, ही माझी पहिली मागणी. रंगाचे त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. शिडी दिसायला छान होती. गेल्या मे महिन्यात मारलेला चंदेरी स्प्रे अजून चकाकत होता. मोडलेल्या पायरीच्या खालच्या पायरीला मी स्क्रूड्रायव्हरचे टोक लावून जरा दाबले, तर ते आत गेले. वर रंगाची पापडी, खाली गंजाचे थर आणि मधे लोखंड जवळजवळ नाहीच. पंधरापैकी चार पायऱ्या अशा निघाल्या. समितीच्या दप्तरात मात्र गेल्या वर्षी ‘शिडी : रंगकाम पूर्ण’ अशी नोंद आहे. स्प्रे मारला नसता तर त्या पायऱ्या लालभडक दिसल्या असत्या. चढणाऱ्याने पाऊल टाकण्याआधी विचार केला असता आणि आपणही वेळीच वेल्डर बोलावला असता. त्या चंदेरी थराने लोखंडाचे रक्षण केले नाही, फक्त धोक्याची खूण झाकली. मला रात्री झोप लागत नाही ती याच गोष्टीने.

मी अठ्ठावीस वर्षे एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये होतो, हे आपण जाणता. स्प्रे गनवर माझे आयुष्य गेले, त्यामुळे स्प्रेला माझा विरोध असण्याचे कारणच नाही. तो कुठे चालतो आणि कुठे नाही, तेवढेच सांगायचे आहे.

आपली इमारत खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. वाऱ्याबरोबर मीठ येते आणि लोखंडावर बसते. हे मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून भर उन्हाळ्यातही पहाटे कठडा हाताला चिकट लागतो. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते. तो रंगाखाली फुगत जातो आणि रंगाला आतून उचलतो. मीठ आणि गंज तसाच ठेवून वरून कोणताही रंग मारा, अगदी महागातला मारा, पहिल्या पावसात फोड येतात आणि गणपतीपर्यंत पोपडे सुटतात. गेल्या वर्षी गेटचे असेच झाले. तेव्हा सर्वांनी रंगाच्या कंपनीला दोष दिला. रंग वाईट नव्हता, त्याच्याखाली घासकाम झाले नव्हते.

आता कॅनबद्दल. डब्यात भरलेल्या मालातला मोठा भाग वायू आणि थिनर असतो. ते उडून गेल्यावर लोखंडावर उरणारा रंगाचा थर ब्रशच्या एका हातापेक्षा बराच पातळ असतो. शिवाय शिडी आणि कठडा म्हणजे सगळे गोल पाइप आणि गज. गजावर फवारा मारला की बराचसा रंग दोन्ही बाजूंनी निघून जातो, गच्चीवर वारा असला तर आणखीच. गेल्या वर्षी बी विंगखालच्या दोन गाड्यांच्या काचांवर चंदेरी ठिपके पडले आणि त्यावरून भांडण झाले, ते याच कारणाने. पायरीची खालची बाजू तर फवाऱ्याला सापडतच नाही. पाण्याचा थेंब लोंबकळत राहतो तो नेमका तिथेच, आणि पायऱ्या कुजल्या त्याही खालूनच. ब्रशने रंग खड्ड्यात, सांध्यात, वेल्डिंगच्या डागाभोवती दाबून भरता येतो. म्हणून बाहेरच्या लोखंडाला ब्रशच हवा.

काम कसे व्हावे, ते जरा सविस्तर लिहितो, कारण कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये हे शब्द असले पाहिजेत.

आधी ठोकून बघायचे. लहान हातोडीने प्रत्येक पायरी, प्रत्येक सांधा, कठड्याचा लादीत शिरणारा प्रत्येक पाय. घट्ट लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. जिथे बद्द वाजेल तिथे खडूने खूण करायची. तो तुकडा कापून नवा वेल्ड करायचा. तिथे रंगाचा विचारही करायचा नाही आणि लांबी (पुट्टी) भरून आकारही द्यायचा नाही. हल्ली गंजावर लावायचे एक दुधी द्रावणही मिळते, त्याने गंज काळा पडतो आणि स्थिर होतो. खरवडूनही खड्ड्यात राहून गेलेल्या बारीक गंजाला ते उपयोगी आहे. पण कुजलेल्या पायरीला ते ताकद देत नाही. दुकानदार काहीही सांगो.

मग गोड्या पाण्याने धुवायचे. हा टप्पा सगळेच गाळतात, आणि आपल्यासारख्या खाडीकाठच्या इमारतीत हाच सर्वांत महत्त्वाचा. मीठ खरवडून जात नाही, ते धुवावेच लागते. पूर्ण वाळल्यावर पट्टीने आणि तारेच्या ब्रशने खरवडायचे, मग ८० नंबरचा घासायचा पेपर, मग थिनरच्या फडक्याने पुसायचे. जुना रंग जिथे घट्ट आहे तिथे तो राहू द्यावा, फक्त त्याची कड घासून उतरती करावी.

उघडे झालेले लोखंड रात्रभर तसे ठेवायचे नाही. आपल्याकडे सकाळपर्यंत त्याच्यावर तांबूस झाक येते. जेवढे दिवसात घासून होईल, तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, लागलाच पाहिजे. रंगारी आधी सगळी शिडी घासतो आणि ‘प्रायमर उद्या’ म्हणतो, तिथे त्याला थांबवायला कोणीतरी उभे असावे. प्रायमर रेड ऑक्साइडचा चालेल, झिंक फॉस्फेटचा मिळाला तर अधिक चांगला. पिवळा झिंक क्रोमेट घेऊ नये. तो टिकाऊ असतो, पण त्यातले क्रोमियम कॅन्सरला कारण ठरणारे आहे आणि त्याची धूळ घासणाऱ्या माणसाच्या छातीत जाते. आमच्या शॉपमध्ये आम्ही तो वर्षानुवर्षे उघड्या हातांनी लावला. पुढच्या पोरांनी लावू नये असे मला मनापासून वाटते.

रंग वाळताना धारदार कडेवरून मागे सरकतो आणि कड उघडी पडते. म्हणून कडा, वेल्डिंग आणि नटबोल्ट यांना आधी बारीक ब्रशने एक जादा हात द्यायचा, नंतर सगळीकडे. वर ऑइल पेंटचे दोन हात, मधे निदान एक रात्र. पहिला हात करडा आणि दुसरा चॉकलेटी घ्यावा. दोन्ही एकाच रंगाचे असले की दुसऱ्यात कुठे सुटले ते कळत नाही. वेगळे असले तर जिने उतरणारे शाळेतले पोरही बोट दाखवून सांगेल. वेळ सकाळी दव वाळल्यावर, नऊ ते बारा. दुपारी मे महिन्याच्या उन्हात गज इतका तापतो की रंग ब्रशखालीच आळतो.

जिन्यातल्या कठड्याबाबत एक वेगळी काळजी आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त असू नये, हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपली इमारत १९९४ सालची आहे, म्हणजे कठड्यावरच्या खालच्या थरांत शिसे आहे असे धरूनच चालावे. तो कोरडा घासला तर धूळ पायऱ्यांवर बसते. आपली लहान मुले त्याच पायऱ्यांवर बसून खाऊ खातात. तिथे पाणी लावून घासावे, खाली प्लास्टिक अंथरावे, खरवड गोळा करून पिशवीत बांधावी आणि जिना ओल्या फडक्याने पुसावा. झाडू मारू नये. रंगाऱ्याला साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क सोसायटीने द्यावा.

आणि मीटर रूम. गेल्या वर्षी पॅनेलच्या दारावर तिथेच उभे राहून स्प्रे मारला गेला, शेजारी देव्हाऱ्यात उदबत्ती चालू होती. कॅनमधला वायू बहुधा आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा असतो, हवेपेक्षा जड. बंद खोलीत तो जमिनीलगत साचतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. मीटर रूममध्ये, लिफ्टच्या मशीन रूममध्ये, जिन्यात कॅन उघडायचाच नाही, असा ठराव करावा. मागच्या वर्षीचे उरलेले पाच कॅन आत्ता मशीन रूममध्ये पत्र्याखाली पडले आहेत. ५० अंशांच्या वर तापू देऊ नये असे त्यांच्यावरच छापलेले असते. ते आजच खाली आणावेत.

मग स्प्रे कशाला वापरावा? लेटर बॉक्सच्या दारांना, डक्टच्या जाळ्यांना, नोटीस बोर्डाच्या चौकटीला. जाळीची भोके ब्रशने बुजतात, तिथे फवाराच बरा. भाग काढून खाली मोकळ्या अंगणात न्यावा, जुन्या रद्दीवर ठेवावा. आतली गोळी वाजायला लागल्यावर कॅन आणखी दोनेक मिनिटे हलवावा, वीतभरापेक्षा थोडे जास्त, २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. बटण भागाच्या बाहेर दाबायचे आणि बाहेरच सोडायचे. एकदाच जाड मारला की ओघळ येतात, म्हणून तीन-चार हलके हात. शेवटी कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबला की तोंड साफ राहते आणि कॅन पुढच्या वेळी उपयोगी पडतो. हे काम मी स्वतः एका रविवारी करून देईन, मजुरी नको. कोणाच्या मुलांना शिकायचे असेल तर पाठवावे, मला आनंद होईल.

ग्रुपवर गच्चीच्या गळतीसाठी जो स्प्रेचा व्हिडिओ फिरतो आहे, त्याबद्दल थोडेच लिहितो. गच्चीची भेग ऊन आणि गारव्याने उघडत-मिटत राहते. तिच्यावर नुसती पापडी मारली की पापडीही फाटते. भेग व्ही आकारात कापून, साफ करून, लवचिक मसाला भरून मगच वर लेप द्यावा लागतो. सध्या त्या व्हिडिओवर पैसे घालू नयेत.

खर्चाचे आपण म्हणाल, ते बरोबर आहे. या पद्धतीत डब्यापेक्षा घासायच्या मजुरीला जास्त पैसे लागतील. पण आपण दरमहा दुरुस्ती निधी भरतो तो अशाच कामासाठी. कोटेशनमध्ये ठोकून पाहणे, धुणे, घासणे, प्रायमर आणि दोन हात यांचे दर वेगवेगळे मागवावेत. एकरकमी दर घेतला तर घासणेच गायब होते, हे मी अनेकदा पाहिले आहे. दुसरे असे की, इमारतीने तिशी ओलांडली आहे, त्यामुळे सोसायटीच्या उपविधींप्रमाणे आता दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करावे लागेल. ऑडिटरने यायच्या आधी कुठेही रंग लावू नये. त्यांना लोखंड जसे आहे तसे दिसले पाहिजे.

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो, त्याआधीच्या सरी वेगळ्या. वेल्डरपासून दुसऱ्या हातापर्यंत मला तीन आठवडे तरी लागतील असे वाटते, म्हणजे एप्रिल सरण्याआधी वेल्डर ठरायला हवा. तोवर शिडीला साखळी घालून कुलूप लावावे आणि टाकीचे काम प्लंबरने स्वतःची शिडी आणून करावे. वॉचमनकाकांना वर पाठवू नये.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी हातोडी, स्क्रूड्रायव्हर आणि खडू घेऊन गच्चीवर असेन. आपण आणि सचिव दोघेही या. तासाभरात सगळ्या पायऱ्या आणि कठड्याचे सगळे पाय ठोकून खुणा करून होतील. गच्चीची किल्ली शनिवारी रात्रीच माझ्याकडे पाठवून द्यावी.

आपला नम्र,
एक सभासद, सी विंग, तिसरा मजला