बेल्ट का तुटला, सापडलं एकदाचं

मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस गाडीला नक्की काय झालं, पण मी एवढा वैतागलेलो की धड सांगितलंच नाही. आता निवांत लिहितो.

चालत्या गाडीत इंजिन एकदम गप्प. सेल्फ मारला तर एरवी दम खात खात फिरणारं इंजिन मोकळं भरभर फिरलं, तिथेच पोटात गोळा आला, कारण याचा अर्थ कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवेचा दाब तयार होणं) गेलं. परत सेल्फ मारला नाही, तेवढी एकच अक्कल सुचली.

कव्हर काढलं तर टायमिंग बेल्टचे (पिस्टनना जोडलेल्या क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला फिरवणारा पट्टा) दात क्रँकच्या पुलीपाशी साफ सोललेले. क्रँक फिरतोय, कॅम जागच्या जागी, मग या इंजिनात उघड्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळणारच. 6 व्हॉल्व्ह वाकले.

मेकॅनिक म्हणाला बेल्टच खराब निघाला. मला काही पटेना, 1 लाख किमीचा बेल्ट 35,000 ला कसा जाईल? आधी वाटलं काहीतरी जाम झालं असणार, म्हणून बेल्ट ज्यांच्यावरून फिरतो ते वॉटर पंप, टेन्शनर, आयडलर सगळं हाताने फिरवून बघितलं, एकदम स्मूद. बेल्टची कडपण खाल्लेली नाही, म्हणजे पुली वाकडी नाही. शेवटी तो तुकडाच दाबून बघितला तर रबर मऊ, फुगलेलं आणि बोटं काळी तेलकट! कॅमचं ऑइल सील (ऑइल अडवणारी रबरी रिंग) गळत होतं.

पण ते सील तर बेल्टबरोबरच नवीन टाकलेलं, मग ते का गळावं? इथे माझे दोन दिवस गेले. शेवटी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटातला गॅस बाहेर सोडणारा) काढून कानाशी हलवला, खुळखुळ वाजायला हवा तर हूं की चूं नाही, आत चिकटा बसून घट्ट. पिस्टन रिंगांमधून थोडा गॅस खाली झिरपतोच, तो या वाटेने परत इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या वाटेत) जातो, वाट बुजली की क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोकळीत) प्रेशर वाढतं आणि मग जिथे फट मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकललं जातं. इथे फट सीलपाशी मिळाली आणि समोर बेल्ट.

आणि आठव, दोन महिन्यांपूर्वी ऑइलची डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) आपोआप, म्हणजे याच प्रेशरने, वर आलेली तूच दाखवली होतीस ना, मी शहाण्याने ती दाबून बसवली आणि विसरलो!

हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवलंय. आधी पीसीव्ही, मग सील, मग बेल्ट असं मेकॅनिकला बजावून आलोय. तुझंपण इंजिन हेच आहे, तुझा व्हॉल्व्ह हलवून बघ आणि वाजतो का ते कळव.

तुझाच,
सध्या पायी फिरणारा