टूलमध्ये सगळं हिरवं, उदगीरची लिंक मात्र बंद

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी लातूरचा, एका पतसंस्थेच्या शाखांचं नेटवर्क बघतो. आता आमच्याकडं पण राउटरवर एकेक कमांड मारायचं बंद होऊन नेटकॉन्फ (लांबून राउटरची सेटिंग बदलायची ठरलेली पद्धत) आणि यांग मॉडेल (कोणती सेटिंग कशी लिहायची त्याचा साचा) यांच्यावर चालणारी टूल्स आलीत, त्याबद्दल लिहायचंय.

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी कॉन्फिगरेशनचं काम बघणाऱ्या कंपनीनं पुण्यात बसून उदगीर शाखेच्या राउटरच्या वॅन इंटरफेसचा, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडणाऱ्या पोर्टचा, आयपी पत्ता बदलला. व्हॅलिडेट म्हणजे तपासणी पास झाली, कमिट मारून बदल लागू केला अन् लिंक गेली. फोनवर कंपनीचा पोरगा एकच सांगायलता, सर टूलमध्ये एररच नाही. शेवटी रात्री गाडी काढून मी उदगीरला गेलतो, कन्सोल केबल लावून बघितलं तर आयपी 10.20.4.18 बरोबर, पण प्रीफिक्स (नेटवर्कमध्ये किती पत्ते बसतात ते ठरवणारा आकडा) 24 च्या जागी 30 पडलेला, आणि गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, 10.20.4.1, म्हणजे 30 मध्ये बसणाऱ्या 16 ते 19 ह्या चार पत्त्यांच्या बाहेर, मग राउटर तिथं पोचणार कसा?

त्या पोराचं खोटं नव्हतं. मॉडेल एवढंच बघतं की प्रीफिक्सचा आकडा 0 ते 32 मधला आहे का, त्याला 30 पण चालतो अन् 24 पण, तुमच्या शाखेला कोणता पाहिजे ते त्याला कोण सांगणार. तसंच इंटरफेसच्या सेटिंगमध्ये एनेबल्ड ट्रू दिसलं की लिंक चालू समजतात, पण ते आपण मागितलेलं असतं, केबल निघून पडली तरी ते ट्रूच राहतं. खरी हालत ऑपर-स्टेटस ह्या वेगळ्या नोंदीत कळते. 2018 च्या आरएफसी 8342 ह्या इंटरनेट स्टँडर्डमध्ये इंटेंडेड (मागितलेलं) आणि ऑपरेशनल (प्रत्यक्षात चालू असलेलं) असे माहितीचे वेगळे कप्पे, म्हणजे डेटास्टोअरच दिलेत, ते दोन्ही शेजारी ठेवून बघितले की बऱ्याचदा दोष तिथंच सापडतो.

आणि मला सगळ्यात जास्त राग ह्याचा आला की कन्फर्म्ड कमिट वापरलंच नव्हतं. 2006 च्या पहिल्या नेटकॉन्फ स्टँडर्डपासून ते आहे, कमिट केल्यावर 600 सेकंदांत परत कन्फर्म आलं नाही तर राउटर आपोआप जुन्या कॉन्फिगरेशनवर जातो. सगळे राउटर देत नाहीत पण आमचा देतो, जोडताना हॅलो मेसेजमध्येच तसं सांगतो. लांबच्या शाखेचा इंटरफेस बदलताना हे सक्तीचं करा असं मी त्या कंपनीला लेखी कळवलंय.

कामाला पोरं घेताना मीच मुलाखती घेतो, नांदेड परभणीकडून पण हुशार पोरं येतात, पण क्लासमध्ये अजून आयपी ॲड्रेस अन् नो शटडाऊन (पोर्ट चालू करायची कमांड) एवढ्यावरच थांबायलेत. पॉलिटेक्निकच्या सरांना विनंती आहे, लॅबमध्ये मुद्दाम चुकीचा प्रीफिक्स टाकून द्या, केबल काढून ठेवा, अन् पोरांना मॉडेलमधून शोधू द्या. माझ्याकडं शाखेतून काढलेले दोन राउटर पडून आहेत, 830 पोर्टवर नेटकॉन्फ चालतं त्यांच्यावर, कुणाला लॅबसाठी पाहिजे असतील तर शनिवारी स्वतः आणून लावून देतो.

आपला,
एक वाचक, लातूर