पदक पाठवतोय, सांभाळून ठेव

प्रिय सुध्या,

पुढच्या आठवड्यात माझा भाचा मुंबईत उतरतोय, त्याच्या हाती एक डबी देतोय. पेढे समजून दाताखाली घेऊ नकोस, पदक आहे. जेरुसलेमच्या हुर्वा सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराची, पुनर्बांधणी झाली, तिच्या स्मरणार्थ काढलेलं. हाताला गार आणि चांगलं जड लागतं. दिव्याखाली तिरकं धरलंस की घुमट आणि त्याखालच्या कमानी उठून दिसतील. नाण्यांपायी रात्र रात्र जागणारा माझ्या ओळखीत तू एकटाच, म्हणून तुला.

आता 'हुर्वा' म्हणजे काय ते ऐक. हिब्रूत त्याचा अर्थ पडकी वास्तू. 1700 साली यहुदा हे-हासिद नावाचे एक रब्बी (ज्यू धर्मगुरू) पोलंडहून शेकडो माणसं घेऊन जेरुसलेमला आले आणि पोचल्यावर काही दिवसांतच वारले. मागे राहिलेल्यांनी कर्ज काढून बांधकाम सुरू केलं. कर्ज काही फिटेना. 1721 मध्ये सावकारांनी सगळं जाळून टाकलं. (सावकार सगळीकडचे सारखेच!) त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं तिथे नुसता ढिगारा होता आणि लोक त्याला 'रब्बी यहुदांचं पडकं' म्हणत. 1864 मध्ये घुमटाचं भव्य सिनेगॉग पुरं झालं. त्याचा आराखडा तुर्की सुलतानाच्या वास्तुविशारदाचा, असद एफेंदीचा. नाव ठेवलं बेत याकोव्ह. पण तोंडात बसलेलं नाव कोण सोडतंय? हुर्वा ते हुर्वाच. 1948 च्या युद्धात, मे महिन्यात, अरब लीजननं, म्हणजे जॉर्डनच्या सैन्यानं, ते सुरुंगांनी उडवलं आणि नाव पुन्हा खरं झालं.

मी पहिल्यांदा गेलो तो बाबांबरोबर, 1985 मध्ये. तेव्हा तिथे फक्त एक दगडी कमान होती, आठवण म्हणून 1970 च्या दशकात पुन्हा उभी केलेली. वर मोकळं आकाश. बाबा बराच वेळ मान वर करून बघत राहिले, मग म्हणाले, "आपली आळीतली मशीद बरी, निदान छप्पर तरी आहे." तुला माहीत आहे, अलिबागच्या इस्रायल आळीत आमची म्हातारी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची. मुंबईच्या मशीद बंदर स्टेशनाचं नावसुद्धा आमच्याच जुन्या सिनेगॉगवरून पडलं म्हणतात.

मार्च 2010 मध्ये पुन्हा बांधलेल्या हुर्वाचं उद्घाटन झालं. बांधलं हुबेहूब एकोणिसाव्या शतकातल्यासारखं. लुई कान या अमेरिकन वास्तुविशारदांनी पूर्वी वेगळाच आराखडा केला होता, तो कागदावरच राहिला. जुने उरलेले दगड मात्र नव्या भिंतीत दिसू दिलेत, ते मला आवडलं. उद्घाटनाच्या त्या दिवसांत पूर्व जेरुसलेममध्ये दगडफेक झाली, अश्रुधूर सुटला. पदकावर अर्थात नुसता घुमट.

खरं सांगू? आत गेलो, सगळं पांढरंशुभ्र, देखणं, आणि मला ती उघडी कमानच आठवत राहिली. हे इथे इस्रायलमध्ये, आमच्या लोद गावात, कुणापाशी बोललो नाही. शेजारचे काका तर ऐकूनच घेणार नाहीत.

काकूंना माझा नमस्कार सांग. आणि डबी मिळाली की फोन कर. एक मात्र हात जोडून सांगतो, पदकाला चिंच लावू नकोस. आजोबांनी दिलेला शिवराई पैसा घासून घासून तू गुळगुळीत केला होतास, ते मी विसरलेलो नाही.

तुझा,
डॅनी