हतनूरच्या काठावरून खुले पत्र: पाणी सरकतं, तुमचा धक्का सरकत नाही

मा. मंत्रिमहोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर जलाशयाच्या काठच्या आमच्या गावाला होडीत चढण्या-उतरण्यासाठी तरंगता धक्का, स्वच्छतागृह आणि नावाड्यांना लाइफ जॅकेट देण्याचा शब्द भर सभेत दिला गेला होता. आला तो सिमेंटचा धक्का. दिवाळीत त्याच्या पायरीला पाणी होतं. आज फेब्रुवारीत तो कोरडा पडलाय, पाणी लांब गेलंय आणि मधे गुडघाभर गाळ आहे. लोक लेकरांना खांद्यावर घेऊन होडी गाठतात, म्हातारी माणसं काठावरूनच मागे फिरतात. बिल मात्र निघालं.

हे होणारच होतं. तापी आणि पूर्णा पावसाळ्यात गाळ घेऊन येतात. पुराचं पाणी पुढे जावं म्हणून धरणाचे 41 दरवाजे उघडावे लागतात, आणि जलाशय भरतो तो पावसाळा सरताना. मग रब्बीसाठी कालव्यातून सोडायची आवर्तनं, शहरांचं पिण्याचं पाणी, कारखाने. पातळी उन्हाळ्यापर्यंत उतरतच राहते. काठ सपाट आहे, त्यामुळे पातळी हातभर उतरली तरी पाण्याची कड कुठच्या कुठे जाते. मागे राहिलेल्या ओलीवर आमचे शेतकरी गाळपेर करतात. त्यांच्यापैकी एकालाही कुणी विचारलं नाही.

तरंगत्या धक्क्यात अवघड काही नाही. बंद तोंडाचे प्लास्टिकचे ड्रम, त्यावर गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची चौकट आणि फळ्या. आठ-दहा फुटांचे तुकडे कड्यांनी जोडायचे, म्हणजे पाणी उतरेल तसे दोराने ओढून पुढे नेता येतात. धक्का जागी धरणाऱ्या नांगराची साखळी पाण्याच्या खोलीच्या किमान तिप्पट हवी. आखूड ठेवली की वाऱ्यात झटका बसून कडी तुटते. काठापासून धक्क्यापर्यंत बांबूचे तट्टे अंथरायचे आणि कुजले की बदलायचे. या बदलण्यासाठी तुमच्या अंदाजपत्रकात एक रुपया नसतो.

बोटींचंही तेच. हतनूर हे महत्त्वाचं पक्षीक्षेत्र म्हणून नोंदलं गेलंय. हिवाळ्यात मोठी लालसरी, थापट्या, चक्रवाक, पट्टकादंब इथे उतरतात आणि उथळ कडेला चरतात. स्पीडबोट तिथून गेली की अख्खा थवा उठतो. परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्या उडण्यात जळते. आम्हाला स्पीडबोट नको. वल्ह्याची होडी हवी, थव्यापासून शंभर मीटर लांब थांबणारी. सूर्य उगवल्यापासून सकाळी नऊपर्यंत, ऊन पाठीशी ठेवून, म्हणजे पक्ष्यांचे रंग नीट दिसतात. दहा जणांच्या होडीला दहा मोठी आणि चार लहान मुलांच्या मापाची जॅकेटं, शिवाय बुडणाऱ्याकडे फेकायच्या दोरासकट दोन रिंगा. ओली जॅकेटं खोलीत कोंबली की पट्टे कुजतात. ती सावलीत टांगून वाळवायला साधी शेड लागते. भोई समाजातली पोरं इथला तळ जाणतात, बुडालेली झाडं कुठे आहेत ते त्यांना ठाऊक आहे. परवाना त्यांना द्या.

तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव मंदिर केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्या 100 मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही आणि पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. हा कायदा खात्यांना माहीत नसतो का? महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईच्या यात्रेत अलोट गर्दी लोटते. तेव्हा बायांना आडोसा शोधत फिरावं लागतं, याची लाज कुणाला तरी वाटायला हवी. स्वच्छतागृह हद्दीबाहेर बांधा, पण बांधा, आणि पाण्याची टाकी रोज भरणारा माणूस नेमा.

जेवणाचं कंत्राटही बाहेरच्याला जातं. तुराट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा बचत गटाच्या बाया रोज रांधतात, पण निविदेत लाखांच्या उलाढालीचा दाखला मागतात. तो त्या कुठून आणणार?

धरणासाठी गावं उठली ती आमची, जमिनी गेल्या त्या आमच्या. पाणी पाटबंधाऱ्यांचं, पक्षी वनखात्याचे, मंदिर पुरातत्त्वचं, पर्यटक पर्यटनचे, आणि गाळ तेवढा आमचा. एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं, फाइल मुंबईला जाते आणि खानदेश वाट पाहत बसतो. कोकणातल्या बंदराचा नकाशा उचलून तापीच्या काठाला चिकटवणारी ही व्यवस्था आम्हाला मान्य नाही. जागा न पाहता सही करणाऱ्या प्रत्येकाला जाब विचारला गेला पाहिजे.

नांगराचे ठोकळे तळ उघडा पडल्यावर बसवणं सोपं जातं, म्हणजे एप्रिल-मे महिन्यात. त्यासाठी कामाचा आदेश मार्चअखेरच्या आत निघायला हवा. पावसाळा लागला की काम थेट पुढच्या वर्षावर जाईल.

आपले,
हतनूर जलाशयाच्या काठचे ग्रामस्थ