डोक्याच्या सीटीबरोबरच अँजिओग्राफीही व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वहिनींचे डोके धुणे धुताना एकाएकी असे दुखू लागले, की त्या जागीच बसल्या व त्यांना उलटी झाली. पित्त समजून सारा दिवस गोळ्यांवर काढला. संध्याकाळी त्यांना ग्लानी येऊ लागली, तेव्हा तालुक्याच्या गावी सीटी स्कॅन केला. मेंदूभोवती रक्तस्राव झालेला दिसला आणि फिल्मचे पाकीट घेऊन आम्ही मिरज गाठली. तेथे त्यांना पुन्हा यंत्रावर घ्यावे लागले, कारण पहिल्या तपासणीतून रक्त कोठून आले हे कळत नव्हते.

साध्या सीटीत ताजे रक्त पांढरे दिसते. दुखणे सुरू झाल्यापासून 6 तासांच्या आत ती केली तर रक्तस्राव क्वचितच नजरेतून सुटतो. मात्र असा रक्तस्राव बहुधा धमनीच्या कमकुवत जागी आलेला फुगा फुटून होतो आणि तो फुगा शोधायला सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांची चित्रे घेणारी तपासणी, लागते. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडून, ते मेंदूच्या धमन्यांत पोहोचताच सीटी यंत्राने बारीक अंतरावरची छेदचित्रे घेतली जातात आणि त्यांतून त्रिमित चित्र तयार होते. फुगा कोणत्या फाट्यावर आहे, त्याची मान किती रुंद आहे, तोंड कोणीकडे आहे, हे त्यावरून पाहूनच कवटी कोठे उघडायची हे शल्यविशारद ठरवतात.

मांडीतून नळी घालून केलेली अँजिओग्राफी अधिक बारकावे दाखवते आणि 3 मिलिमीटरहून लहान फुगा सीटीत निसटू शकतो, म्हणून सवड असेल तेथे ती करणेच योग्य. परंतु वहिनींच्या मेंदूच्या उजव्या बाजूस मोठी गुठळी दाब देत होती. डॉक्टरांनी सीटीच्या चित्रावर विसंबून त्याच रात्री गुठळी काढली आणि फुग्याच्या मानेवर क्लिप बसवली. त्यांचे ऋण आम्ही विसरणार नाही.

फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या 24 तासांत, त्यातही सुरुवातीच्या काही तासांत सर्वाधिक असतो, आणि नेमके तेच तास आपल्याकडे जत, आटपाडी, शिराळ्याहून येण्यात जातात. म्हणून, जेथे मल्टिस्लाइस (एका फेरीत अनेक छेदचित्रे घेणारे) सीटी यंत्र व औषध सोडण्याचा पंप आहे, तेथे असा रक्तस्राव दिसताच, मूत्रपिंडाचा विकार वा ॲलर्जी यांचा विचार डॉक्टरांनी करून, रुग्णाला टेबलावरून उतरवण्यापूर्वीच अँजिओग्राफी करावी. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरत नाही, कारण शल्यविशारदांना चित्र सर्व बाजूंनी फिरवून पाहावे लागते. मूळ डिजिटल प्रतिमाच रुग्णवाहिका निघताना पुढे पाठवाव्यात, म्हणजे रुग्ण पोहोचेपर्यंत शस्त्रक्रियागृह सज्ज राहील.

वहिनी आता चालतात, पण डाव्या हातात जोर नसल्याने त्यांना भाकरी थापता येत नाही. दिवसभर गोळ्यांवर काढण्यात आमची चूक झालीच. तपासणी दोनदा झाली नसती तर निदान तो वेळ तरी वाचला असता. जिल्हा शल्यचिकित्सकांनी तालुक्यांतील सीटी केंद्रांची आणि सांगली-मिरजेतील मेंदूच्या शल्यविशारदांची एकत्र बैठक घेऊन ही पद्धत लवकर ठरवून द्यावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जत (जि. सांगली)