पिंप भरायचं की नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली. ‘तांत्रिक कारणास्तव उपरोक्त परिसरातील पाणीपुरवठा बाधित होण्याची शक्यता नाकारता येत नाही, याची नोंद घेण्यात यावी.’ शेजारच्या काकूंनी ती दोनदा वाचली आणि मला विचारलं, “म्हणजे पिंप भरून ठेवू की नको?” बँकेत २७ वर्षं पत्रव्यवहार सांभाळलेला मी, पण मलाही सांगता येईना.

अशा वेळी लोक अवघड शब्दांना दोष देतात. मला ते पटत नाही. राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ हलवर्णला मुक्कामी असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना पाठवलेलं पत्र काढून बघा. फारसी शब्द पावलोपावली, आज निम्म्यांना टीप लागते. पण काय सांगायचंय याबद्दल तसूभर शंका राहत नाही. दाणागवत आत्ताच मनमानेल तसं उडवलंत तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही रयतेकडे वळाल; कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. तेव्हा कुणब्यांना वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. म्हणून जे हवं ते बाजारातून विकत आणा. पुढे आगीची ताकीद आहे. कोणी गवताजवळ चूल पेटवेल, कोणी तंबाखू ओढेल, रात्री दिवा ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. एकदा पागेचे खण आणि गवताच्या गंज्या जळाल्या की मागून कोणाला कितीही शिक्षा केली तरी नवा खण बांधायला एक लाकूड मिळायचं नाही.

‘आगीबाबत योग्य ती खबरदारी घेण्यात यावी’ एवढं लिहूनही भागलं असतं. पण त्या पत्रात उंदीर आहे! कोणी काय केलं की काय होईल, हे एकामागून एक सांगितलंय, आणि प्रत्येक वाक्यात करणारा माणूस समोर उभा आहे.

आमच्या लिहिण्यातून नेमका तोच गायब होतो. यात मीही निर्दोष नाही. ठेवींवरचं व्याज घटलं तेव्हा ‘व्याजदरात सुधारणा करण्यात आली आहे’ असं पत्र मीच तयार केलं होतं. एक आजोबा ते घेऊन काउंटरवर आले, व्याज वाढलं म्हणून खुशीत. त्यांना खरं काय ते सांगताना माझी मान वर होईना. मसुदा मात्र वरिष्ठांनी एका फटक्यात मंजूर केला होता.

आपल्या वृत्तपत्रातही ‘रस्ता खोदण्यात आला’, ‘निधी वळवण्यात आला’ असं रोज छापून येतं. कोणी खोदला, कोणी वळवला? प्रसिद्धीपत्रक जसंच्या तसं उतरवलं की असंच होणार. बातमीदाराने फोन करून कर्ता विचारावा, आणि नाहीच कळला तर ‘कोणी खोदला हे विचारूनही सांगितलं नाही’ असं छापावं. शीर्षकापेक्षा ते वाक्य आम्ही आधी वाचू.

काकूंनी अखेर दोन पिंपं भरली. पाणी काही गेलं नाही. आता ते शिळं पाणी रोज कुंड्यांना घालतायत.

– आपला एक जुना वाचक, सातारा